शनिवारी अकरा वाजता किंचाळणार आहे

चिठ्ठी मीच लिहिली, पाच प्रती काढल्या आणि मास्क लावून शेजारच्या पाच घरांच्या पत्रपेट्यांत टाकून आले. ‘शनिवारी सकाळी अकरा वाजता मी साधारण दहा मिनिटं किंचाळणार आहे. ऑपेराची तालीम आहे. घाबरू नये. तसदीबद्दल क्षमस्व.’ लिहिली इंग्रजीत, पण जुळवली मराठीत. पुण्यातल्या पाट्या वाचून मोठी झालेली बाई मी, ‘तसदीबद्दल क्षमस्व’ माझ्या हाडात आहे, ते सिडनीला आलं म्हणून कुठे जाणार.

लॉकडाऊनचे दिवस होते. स्कोफिल्ड्समधली आमची वसाहत नवी कोरी आणि घराला घर खेटलेलं. शेजाऱ्यांचा मायक्रोवेव्ह टिंग झाला की आमच्याकडे कळतं. उजवीकडच्या पंजाबी कुटुंबाने ‘कोई बात नहीं भाभी’ असा मेसेज केला. डावीकडच्या आजीबाई कुंपणावरून ‘नो वरीज, लव्ह’ म्हणाल्या. चूक एकच झाली. आमच्या गॅरेजच्या पाठीला ज्यांची पाठ लागते त्यांचं दार दुसऱ्या रस्त्यावर उघडतं, आणि तिकडे चिठ्ठी टाकायला हवी हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

किंचाळायला मी गॅरेजमध्ये गाडीत बसले. काचा वर, कानात इअरफोन, मांडीवर फोन, मागच्या सीटवर दोन रजया, आवाज घुमू नये म्हणून. एकत्र गायची बंदी होती. म्हणून आम्ही सगळे आपापल्या घरी आपापला भाग रेकॉर्ड करून पाठवायचो आणि कोणीतरी ते तुकडे जोडायचं. मी सहा वेळा किंचाळले, घसा धरला म्हणून घोटभर पाणी प्यायले आणि सातव्यांदा किंचाळले.

बाराच्या सुमाराला बेल वाजली. दोन पोलीस, एक मुलगा आणि एक मुलगी, माझ्या भाच्यांच्या वयाचे, पायरीखाली अंतर राखून उभे. पोलीस मुलीने विचारलं, तुम्ही ठीक आहात ना, घरात आणखी कोण आहे. तेवढ्यात माझा नवरा मागून आला. कांदा चिरत होता, तो तसाच उठून आला. हातात सुरी, डोळ्यांना पाण्याच्या धारा. ते दोघं एक पाऊल मागे सरले.

मी घाईघाईने सांगितलं की मी राणी आहे आणि माझा मुलगा माझा खून करतोय.

‘तुमचा मुलगा आत्ता कुठे आहे?’ तिने विचारलं.

‘मला मुलगा नाही,’ मी म्हटलं. ‘एक मुलगी आहे, ती वर झोपलीय.’

नवऱ्याला आता सुरीचं भान आलं आणि त्याने ती पाठीमागे लपवली. त्यामुळे आणखीच घोळ झाला. शेवटी मी आतून स्वरांचे कागद आणले आणि शेवटच्या पानावर बोट ठेवून दाखवलं: हे बघा, इथे, पडद्याआडून, राणीची किंकाळी. तेव्हा कुठे ते हसले. जाताना मुलगा ‘ऑल द बेस्ट’ म्हणाला.

पोलीस फसले, पण आमची संगीतकार फसली नाही. संध्याकाळी तिचं उत्तर आलं. बाथरूममध्ये मोठा कोळी दिसल्यावर बाई ओरडते तसं वाटतंय, डार्ल, आणि ही तर मरतेय. मला भयंकर राग आला, कारण तिचं बरोबर होतं.

आता ही ऑपेराची भानगड काय ते सांगते. मी पुण्यात बारा वर्षं शास्त्रीय गाणं शिकले. इथे येऊन सॉफ्टवेअर तपासायची नोकरी धरली, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि घरी आल्यावर घरच्यांच्या. गाणं गंजत चाललं होतं. जवळच्या हॉलमध्ये एक हौशी मंडळ जमतं, तिथे एका मैत्रिणीने ढकललं. मंडळ चालवणारी बाई साठी उलटलेली, शाळेत पियानो शिकवून निवृत्त झालेली, सिगरेट सोडली म्हणून सतत गाजर खाणारी. तिने स्वतः एक ऑपेरा लिहिला होता, जुन्या ग्रीक शोकांतिकेवरून, घरातल्या घरात घेतलेल्या सुडाचा.

गोष्ट अशी. राजा लढाई जिंकून घरी येतो आणि राणी त्याला मारते. धाकटी मुलगी बापासाठी वर्षानुवर्षं रडत दारात बसते, आईवर दातओठ खाते, दूर वाढलेल्या भावाची वाट बघते. भाऊ येतो आणि आईला मारतो. आई मरते ती पडद्याआड, लोकांना फक्त तिची किंकाळी ऐकू येते. माझा आवाज खालचा, भरीव. बाईने पहिल्याच दिवशी मला राणी करून टाकली. मला काय, हौस होती, राणी तर राणी.

त्यानंतर माझे बाबा गेले.

कसे गेले ते सांगते, म्हणजे माझा राग कळेल. पुण्यात दुसरी लाट होती आणि इकडे सिडनीत तो लॉकडाऊन अजून लागायचा होता, बऱ्यापैकी मोकळं होतं. हॉलमध्ये तालमी चालायच्या, चहा व्हायचा, हसणं-खिदळणं व्हायचं. मी रोज दुपारी पुण्याला फोन लावायची, तिकडे तेव्हा सकाळ. आई म्हणायची, बाबा अंघोळीला गेलेत. दुसऱ्या दिवशी, बाबा झोपलेत, उठवत नाही. तिसऱ्या दिवशी, गच्चीवर फिरतायत. मग, घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलू नको म्हटलंय. आठ दिवस. बाबा तेव्हा हॉस्पिटलमध्ये होते आणि त्यांच्या तोंडाला ऑक्सिजन होता. आठव्या दिवशी मी आईला तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा नुसता वाजत राहिला. मग भावाचा मेसेज आला की आई देवळात गेलीय, फोन घरीच विसरली.

देवळं बंद होती. सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. दिवसभर चुका शोधून पगार घेणारी मी, ही एवढी ढोबळ चूक माझ्या नजरेतून सुटली. मी त्याला अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि तालमीला गेले.

दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. बाबा गेले, स्मशानातलंही सगळं कालच आटोपलं, म्हणाला. मी तालमीत राणीची गाणी म्हणत होते तेव्हा.

इथे परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला हे माहीत असतं. घरी काही बिनसलं की पहिला ठराव हा होतो की तिकडे कळवायचं नाही. पोरगी घाबरेल, उगाच तडफडेल, तिकडे एकटी आहे. झाकली मूठ ठेवायची. सिडनीतल्याच गिरावीनच्या देशी वाण्याकडे एकदा रांगेत उभं राहून विचारा, दर तिसऱ्या माणसाकडे अशी एक गोष्ट निघेल. कोणाच्या वडिलांचं बायपास महिन्याने कळलेलं, कोणाच्या आजीचे दिवस झाल्यावर. आणि हे सगळं मायेपोटी, बरं का. दुष्टपणाने कोणीच करत नाही, म्हणून तर भांडायला जागाही राहत नाही.

पण मी भांडले. विमानं बंद होती, ऑस्ट्रेलियाने भारतासाठी दार लावून घेतलं होतं, स्वतःच्या नागरिकांनाही घरी येऊ देत नव्हते. तेव्हा फोनवरच भांडले. आईने तिची बाजू अगदी शांतपणे सांगितली.

‘तू तिकडून काय करणार होतीस? येता तर येणार नव्हतंच. नुसती तडफडली असतीस.’

‘तडफडले असते तर तडफडले असते. माझा बाप होता तो. फोन कानाला लावला असतास त्यांच्या, मी बोलले असते.’

‘त्यांना ऐकू आलं नसतं.’

‘ते तू कोण ठरवणार?’ मी म्हटलं. ‘आई, मला दुसरं काही नको. एकदा म्हण की चुकलं माझं. बस.’

‘का म्हणू?’ आई म्हणाली. ‘चुकलं नाही तर का म्हणू? परत तीच वेळ आली तरी हेच करीन.’

परत वेळ आली तरी हेच करीन. बाप गेल्याच्या पाचव्या दिवशी तिने मला हे ऐकवलं. मी फोन ठेवला आणि ठरवलं की ही बाई ‘चुकलं’ म्हणेपर्यंत मी हिच्याशी बोलणार नाही. अगदीच बोलणं टाकलं नाही. दवापाणी, बँक, भावाचं काम, एवढ्यापुरतं हो-नाही चालायचं. पण रविवारी नवरा आणि मुलगी व्हिडिओवर तिच्याशी बोलायला बसले की मी त्यांच्या मागून ताट घेऊन जायची, थांबायची नाही. आईही हाक मारायची नाही. खाण तशी माती. तिचाच पीळ माझ्यात उतरलाय, तो जळला तरी जायचा नाही.

पुढच्या तालमीला मी संगीतकार बाईला सांगितलं, मला राणी नको, मला मुलगी द्या.

‘का?’

‘कारण मी मुलगी आहे,’ मी म्हटलं. ‘बापासाठी रडणारी, आईला शिव्या घालणारी. मला वेगळा अभिनयसुद्धा करावा लागणार नाही. आणि ही राणी मला गाता येत नाही, ती मला आवडत नाही.’

तिने गाजराचा तुकडा मोडला. माझं वय सेहेचाळीस, आवाज खालचा, मुलीची पट्टी माझ्या बापजन्मात गाठली जाणार नाही, हे तिने फार गोड शब्दांत सांगितलं. मग म्हणाली, तू राणीची फक्त शेवटची पानं वाचलीयस. घरी जा आणि पहिल्यापासून वाच, ती थोरल्या मुलीला पाठवते तिथपासून. मला अपमान वाटला. पण तिचं खरंच होतं, मी आपली गाणी तेवढी पाठ केली होती.

घरी येऊन वाचलं. राजाची जहाजं किनाऱ्यावर अडकून पडलीत, वारा पडलाय. वारा सुटावा म्हणून देवीला बळी द्यायचा, तोही पोटच्या थोरल्या पोरीचा. पण पोरगी तर आईजवळ, लांब, राजवाड्यात. मग राजा निरोप पाठवतो की मुलीचं लग्न ठरलंय, तिला नटवून पाठव. आणि राणी पाठवते. स्वतःच्या हाताने वेणी घालून, दागिने घालून, लग्नाचं सामान भरून पाठवते. लग्न कसलं नि काय. सगळ्या छावणीला माहीत होतं, घोड्यांना दाणा घालणाऱ्याला माहीत होतं, एक आई सोडून.

मी कागद खाली ठेवला. हिलासुद्धा कोणी सांगितलं नव्हतं. हिलासुद्धा सगळं झाल्यावर कळलं. मी जिच्यात माझी आई बघत होते आणि म्हणून जिच्यावर खार खात होते, ती तर मीच निघाले.

त्यानंतर राणी मला अशी यायला लागली की विचारू नका. सामान भरण्याच्या जागी बाईने आठ मात्रा नुसत्या गुणगुणायला ठेवल्या होत्या, तिथे मी आपल्याकडे हळदीला बायका गुणगुणतात तसलं काहीतरी घातलं, तिने राहू दिलं. खुनाच्या आधीचं गाणं तर मी दात आवळून म्हणायची. लॉकडाऊनमध्ये ते गॅरेजमध्ये रेकॉर्ड केलं तेव्हा एका दमात झालं. फक्त किंकाळी येईना. राग येत होता हो भरपूर, पण किंकाळी रागाने येत नाही. पोलीस येऊन गेले तरी ती कोळ्याचीच राहिली.

सगळं उघडलं आणि जानेवारीत सगळ्यांना कोविड झाला. मलाही झाला. चौथ्या दिवशी दम लागायला लागला, जिना चढताना बसावं लागलं, तेव्हा नवऱ्याने हॉस्पिटलमध्ये नेलं आणि त्यांनी ठेवून घेतलं. निघताना दारात मी नवऱ्याला आणि मुलीला बजावलं.

‘आजीचा फोन आला तर झोपलीय म्हणायचं.’

‘हो, उगाच काळजी करत बसतील,’ नवरा म्हणाला.

मी मान हलवली. पण खरं सांगते, आता काय लपवायचंय, काळजी म्हणून नव्हतंच ते. मला आईला दाखवून द्यायचं होतं. उद्या तिला कळेलच, कधीतरी, सगळं झाल्यावर, आणि तेव्हा तिला समजू दे नंतर कळलं की कसं लागतं. तो सूड होता, शुद्ध सूड. तलवार नाही, विष नाही, नुसतं एक ‘झोपलीय’. आमच्यासारख्या घरांत सूड असाच घेतात, चहा ठेवता ठेवता.

माझी मुलगी पंधरा वर्षांची. ती जिन्यावर उभी होती. मला म्हणाली, ‘मम, दॅट्स लिटरली व्हॉट दे डिड टू यू.’

‘हो,’ मी म्हटलं. ‘म्हणूनच.’

‘आय ॲम नॉट डूइंग दॅट.’

‘तू गप्प बस,’ मी म्हटलं आणि गाडीत जाऊन बसले. दम लागला होता, नाहीतर आणखी बोलले असते.

तिने त्याच दुपारी आजीला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. अर्ध्या तासाने माझा मोबाइल वाजला. मी नाकात नळी घालून हॉस्पिटलच्या पलंगावर, समोर बेचव दह्याची वाटी.

‘किती दिवस झाले?’ आईने विचारलं.

‘चार.’

‘आणि मला सांगितलं नाहीस.’

हा क्षण मी महिनोन्‌महिने मनात घोळवला होता. म्हटलं, ‘तू तिकडून काय करणार होतीस?’

तिचंच वाक्य, तिच्याच सुरात. तिकडे कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली, ती उठली नाही. माझी आई भात करपू देणाऱ्यांतली नाही. शेवटी म्हणाली, ‘दही खा. अंगात ताकद पाहिजे.’ मी दह्याबद्दल काही बोलले नव्हते. आजारी माणसासमोर दही असणारच, असा तिचा हिशोब. फोन ठेवला तिने.

सूड घेतला की बरं वाटतं म्हणतात. मला वाटलं, पंधराएक मिनिटं. मग शेजारच्या पलंगावरची म्हातारी खोकायला लागली, नर्स आली, माझा ताप बघून गेली, आणि मला एकदम आईला परत फोन लावावासा वाटला. लावला नाही. एवढं जिंकल्यावर कसा लावणार.

तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. मुलगी माफी मागेल असं वाटलं होतं, तिने साधं सॉरीही म्हटलं नाही. मी म्हटलं, तुला घरात राहायचं तर घरच्यांचं ऐकायला नको का. तिने माझ्यापुढे सुपाचा वाडगा ठेवला आणि म्हणाली, ‘आजीने तुला नाही सांगितलं, मग तू आजीला नाही सांगायचं. देन इट्स माय टर्न, राइट? मी नाही खेळत हे. आय ॲम आउट.’ आणि वर निघून गेली. अख्ख्या ऑपेरात एकालाही हे म्हणता आलं नव्हतं, आणि ही कार्टी सूप देता देता म्हणून गेली. मला संताप आला होता. सूप बरं होतं, सगळं प्यायले.

सीमा उघडल्या तशी आईने मला न विचारता भावाकडून व्हिसा काढून घेतला आणि तिकीट काढलं. एअरपोर्टवर मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते, तरी ती किती वाळलीय ते कळलं. मी वाकून नमस्कार केला. ती म्हणाली, ‘दम लागतो का अजून?’ मी म्हटलं, ‘नाही.’ मग तीन आठवडे आम्ही थंडी, मेथीची जुडी आणि मास्क कुठे धुवायचे यावर बोललो. बाबांचं नाव दोघींपैकी कोणी काढलं नाही. दोघी एकमेकींना ओलांडून चहा करायचो. मी वाट बघत होते, ‘चुकलं’ म्हणेल. ती कशाची वाट बघत होती ते मला माहीत नव्हतं.

ऑपेरा एका रविवारी दुपारी झाला. दोन वर्षं रखडलेला, हॉल अर्धाच भरायचा असं मंडळाने ठरवलेलं, सगळे मास्क लावून. आई तिसऱ्या रांगेत मुलीशेजारी बसली, अंगावर इरकल आणि त्यावर माझं जाड पफर जॅकेट. मुलगी तिला कानात गोष्ट सांगणार होती. मी मुलीला म्हटलं, आजीला सगळं नको सांगूस. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी रंगपटात निघून गेले.

पहिला भाग चांगला झाला. सामान भरताना मी ते हळदीचं गुणगुणले तेव्हा मला तिसऱ्या रांगेकडे बघवलं नाही. खुनाचं गाणं झालं. मग राणीचा मुलगा आला, बहिणीने त्याला आत ढकललं, आणि मी पडद्याआड जाऊन उभी राहिले. तिथे काही नसतं. एक घडीची खुर्ची, एक पाण्याची बाटली, आणि माझा खून करणारा मुलगा, तो दिवसा बँकेत काम करतो, मास्क हनुवटीवर ओढून खुणेची वाट बघत उभा. मला नुसतं किंचाळायचं होतं आणि मला माहीत होतं की कोळीच येणार.

का कोण जाणे, मला फोनची रिंग ऐकू आली. त्या आठव्या दिवसाची. इकडे मी कानाला फोन लावून उभी, तिकडे वाजतोय, वाजतोय. इतके दिवस मी फक्त इकडची बाजू ऐकत होते. तो वाजत होता तिथे काय चाललं होतं, हे मी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. आणि मग आवाज निघाला. मी काढला नाही, तो निघाला. बँकेतला मुलगा भिंतीला जाऊन टेकला. बाहेर हॉलमध्ये खुर्ची पडल्याचा आवाज आला.

आई उभी राहिली होती, असं मला नंतर कळलं. नाटक आहे हे पक्कं माहीत असून उभी राहिली होती, आणि मुलीने हात धरून तिला परत बसवलं होतं.

टाळ्या झाल्या, फुलं झाली, संगीतकार बाईने मला घट्ट मिठी मारायच्या ऐवजी कोपराला कोपर लावलं आणि म्हणाली, नाउ शी डाइड. नवरा खुर्च्या रचायला थांबला. मी, आई आणि मुलगी गाडीत येऊन बसलो. ऊन अजून चांगलं होतं, पार्किंगमध्ये लोक ताटं आणि उरलेले केक गाड्यांत भरत होते.

मी किल्ली लावली, फिरवली नाही.

‘तसंच ओरडले होते मी,’ आई म्हणाली. ती समोरच्या काचेकडे बघत होती. ‘हॉस्पिटलच्या खाली, रिक्षा उभ्या राहतात तिथे. तुझ्या भावाने खाली येऊन सांगितलं, आणि मी ओरडले. माणसं जमली. पर्समध्ये तुझा फोन वाजत होता. तीनदा वाजला. म्हटलं, उचलला तर पोरीच्या कानात हेच जाईल.’

‘मग जाऊ द्यायचं होतंस,’ मी म्हटलं. ‘मला तेच ऐकायचं होतं, आई. मला दुसरं काहीच ऐकायचं नव्हतं.’ दीड तास गाऊन झालं होतं आणि रडायलाही घसा उरला नव्हता.

आईने पदराने डोळे पुसले नाहीत, तशी ती नाहीच. मास्क काढला, घडी केली, पर्समध्ये ठेवला.

‘चुकलं वगैरे मी म्हणणार नाही,’ ती म्हणाली.

‘नको म्हणूस.’

‘पण पुढच्या वेळी उचलीन.’

मागून माझी मुलगी पुढे वाकली. ‘आजी,’ तिने अगदी हळू म्हटलं, ‘पुढच्या वेळी… इट माइट बी यू.’

आईने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

‘मग तू सांग हिला,’ ती म्हणाली. ‘लगेच सांग. आणि ओरडू दे हिला, गप्प करू नकोस.’